आत्याची परतीची गाडी

पुण्याहून कात्रजचा घाट उतरून साताऱ्याच्या दिशेनं निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर चेलाडी फाटा लागतो. तिथून उजवीकडे आत वळलं की नसरापूर. तोच रस्ता पुढे मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी जातो. भोरकडून यायचं तर कापूरहोळला महामार्ग धरायचा आणि पुण्याच्या अंगाला थोडं मागे चेलाडीला यायचं. म्हणजे भोर, वेल्हे आणि पुणे या तिन्ही वाटा नसरापुराशी येऊन मिळतात. आणि नसरापुरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, शिवगंगेच्या काठच्या झाडीत, बनेश्वर आहे.

आमचं घरही याच तीन वाटांवर वाटलं गेलं होतं. भोरला राजवाड्यामागच्या आळीत आजी-आजोबा आणि आम्ही. पुण्याला नोकरीनिमित्त गेलेले थोरले काका. आणि वेल्ह्याकडच्या एका गावात दिलेली आत्या. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत शाळेत असलेली आम्ही सख्खी, चुलत आणि आते भावंडं दिवाळीनंतरच्या कार्तिकात बनेश्वरला भेटायचो. निमित्त आवळीभोजनाचं. आवळ्याची पूजा करायची आणि झाडाखाली बसून एकत्र जेवायचं, अशी जुनी रीत. आजही आम्हा भावंडांत कुणी ‘सहल’ म्हटलं की महाबळेश्वर-गोव्याच्या आधी तो बनेश्वरचा दिवस डोळ्यांपुढे येतो, आणि त्या दिवसाहूनही जास्त, तो ठरवण्याचे आदले दोन-तीन आठवडे.

बनेश्वरच का, हे लहानपणी कुणी सांगितलं नाही. आम्हा पोरांचं मत दर वर्षी वेगळं पडायचं. कुणाला भाटघरचं धरण हवं असायचं. मुलांच्या तोंडी आंबवड्याचं नाव असायचं, कारण तिथे भोर संस्थानाच्या काळातला, १९३६ सालचा झुलता पूल आहे आणि त्यावर पळायला मिळायचं. आजी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “आंबवडं भोरच्या पलीकडं. अक्काला दोन गाड्या बदलाव्या लागतील. ती संध्याकाळी घरी कशी पोचणार?” तिथे चर्चा संपायची.

अक्का म्हणजे आमची आत्या. भाऊबीज दर वर्षी नेमकी भातकापणीत सापडायची. वेल्ह्याच्या त्या डोंगरपट्ट्यात पावसाळाभर भात वाढवायचं आणि पाऊस हटला की कापणी, मळणी, भारे, खळं हे सगळं एका दमात उरकायचं. मजूर मिळायचे नाहीत, घरचीच माणसं राबायची. अशा दिवसांत सुनेनं चार दिवस माहेरी जाऊन राहणं ही गोष्टच नव्हती. तिच्या सासरची माणसं वाईट नव्हती, शेतीच तशी होती. मग आजीनं तोड काढली. आत्याला भोरला यायला जमत नाही ना, तर भोर अर्ध्या वाटेवर न्यायचं. एका दिवसासाठी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. आणि देवदर्शन, आवळीभोजन म्हटल्यावर सासरीही कुणी नाही म्हणत नसे. आमची झाडाझुडपांतली सहल ही मुळात आत्याची भाऊबीज होती. हे कळायला आम्हाला वय वाढावं लागलं. पण कळल्यावर त्या दिवसाच्या सगळ्या वेळापत्रकाचा अर्थ लागला.

ते वेळापत्रक आजी उलटीकडून मांडायची. सुरुवात आत्याच्या परतीच्या गाडीपासून. आत्याच्या म्हशीला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही, त्यामुळे धारेच्या वेळेला तिनं घरी असणं भाग होतं. म्हणजे नसरापुरातून वेल्ह्याकडे जाणारी दुपारची गाडी पकडायलाच हवी. चारची गाडी धरायची तर बनेश्वरहून सव्वातीनला निघायला हवं, कारण आजी हळू चालणार. त्याआधी आवराआवर, भांडी, सतरंज्या. म्हणजे एकला पानं मांडायची. जेवणाआधी पूजा आणि औक्षण. त्याआधी झाडांतली फेरी, कारण पोटभर जेवल्यावर कुणी चालत नाही. फेरीआधी देवदर्शन. म्हणजे दहाच्या आत सगळ्यांनी देवळात पोचायचं. आणि दहाला बनेश्वर म्हणजे भोरच्या स्टँडवर सातला हजर, घरात पहाटे चारला चूल पेटलेली. आजीला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण हा हिशेब तिच्या बोटांवर होता. बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत मागे यायची. “जिला सवड कमी, तिच्यापासून मोजायचं,” असं तिचं म्हणणं.

मग पत्रं. घरात फोन नव्हता, वेल्ह्याच्या गावात तर नव्हताच. पंधरा पैशांची दोन पोस्टकार्डं यायची. थोरल्या ताईचं अक्षर चांगलं, म्हणून लेखणी तिच्याकडे. आजी सांगायची आणि ताई लिहायची. वर ‘श्री’, खाली ‘चि. सौ. अक्कास अनेक आशीर्वाद’, मग ‘विशेष’ आणि एका दमात तिथी, वार, गाडी, कुणी काय आणायचं. कार्डावर जागा मावायची नाही, मग उरलेलं कडेनं उभं लिहायचं. शेवटी ‘पत्र पावताच उत्तर धाडणे’. पुण्याचं उत्तर आठवड्याच्या आत यायचं. वेल्ह्याचं कधी यायचं, कधी नाही. कधी कार्डाऐवजी कंडक्टरच्या तोंडी निरोप यायचा की बाई येणार आहेत, बरोबर दोन पोरं. आणि काहीच आलं नाही तर ती येणार असं धरून चालायचं, हा घरातला नियम होता. त्या नियमाची आजही मला फार किंमत वाटते. माणसाचं उत्तर आलं नाही म्हणून त्याचं पान कमी करायचं नाही, त्याच्या नावाचं पान मोजूनच डबे भरायचे.

चुकामूक होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट पक्की असायची. जो आधी पोचेल त्यानं फाट्यावर किंवा स्टँडवर थांबायचं नाही, सरळ देवळापुढच्या कुंडाशी जाऊन बसायचं. कारण तिघांच्या गाड्या एकाच ठिकाणी थांबायच्या नाहीत. भोरची आणि पुण्याची गाडी महामार्गानं जाणारी, ती चेलाडी फाट्यावर सोडायची. तिथून पुढे डोक्यावर डबे घेऊन चालत. वेल्ह्याची गाडी मात्र नसरापूर गावातून जायची. आत्या रात्रीच्या मुक्कामी गाडीनं, म्हणजे आदल्या संध्याकाळी गावात येऊन थांबलेली आणि पहाटे पुण्याकडे निघणारी एसटी असते तिनं यायची. त्यामुळे दर वर्षी सगळ्यांच्या आधी तीच. आम्ही पोचायचो तेव्हा ती कुंडाच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेली असायची आणि तिची दोन पोरं पाण्यातली कासवं मोजत असायची.

कुणी काय आणायचं यावर घरात सर्वांत जास्त बोलणं व्हायचं. भोरकडे भाकऱ्या, भरलं वांगं आणि वालाची उसळ. पुण्याच्या काकूकडे पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि काहीतरी गोड. आत्यानं काही आणू नये, असं प्रत्येक पत्रात लिहिलेलं असायचं आणि प्रत्येक वर्षी तिच्या पिशवीतून सगळ्यात जास्त निघायचं. नव्या भाताचे घरी कांडलेले पोहे, उकडलेले करांदे, नाचणीच्या भाकऱ्या, आणि खुरासणीची चटणी. त्या पट्ट्यात दिवाळीआधी डोंगरउतारावर खुरासणी पिवळीधमक फुललेली असते. तिचं बी भाजून, लसूण-मिरची घालून केलेली ती काळी चटणी पुण्याची भावंडं पहिल्यांदा बिचकत खायची आणि नंतर डबा पुसायची. पळसाच्या पत्रावळी पण तिनंच लावून आणलेल्या. आजी मात्र एक वस्तू स्वतःच्या पिशवीत घालायची आणि ती कुणाला उचलू द्यायची नाही. घरामागच्या आवळ्याची फळं लगडलेली डहाळी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तिथे आवळ्याखालची जागा आधीच कुणी धरलेली असेल तर? मग ही डहाळी कुठल्याही झाडाला बांधायची आणि त्याच्याखाली जेवायचं. कार्तिकात त्या बनात पुष्कळ कुटुंबं यायची, त्यामुळे डहाळी कामी यायचीच.

देवळाबद्दल काका सांगायचे. नानासाहेब पेशव्यांनी ते १७४९ साली बांधलं. देवळात एक मोठी घंटा आहे, तिच्यावर क्रूस आणि १६८३ हा आकडा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ती एक. समुद्रकाठच्या चर्चची घंटा मावळातल्या शंकरापुढे वाजते, याचं आम्हाला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. घंटा वाजवायला हात पुरतोय का, एवढंच बघायचो.

दर्शन झालं की बनात. देवळाच्या मागून पायवाटा फुटतात, शिवगंगेच्या धबधब्याकडे उतरतात, झाडीतून वळसा घालून परत येतात. कार्तिकात पाण्याचा जोर ओसरलेला असतो, पण आवाज दूरवर येतो. वाटेवर पुण्याची आणि वेल्ह्याची माणसं वेगवेगळी चालायची. पुण्याच्या भावंडांना बाग म्हणजे एम्प्रेस गार्डन. तिथे ती काकांबरोबर जायची. २६ जानेवारीच्या सुमाराला भरणारं फुलांचं प्रदर्शन, हिरवळ, जुने अवाढव्य वृक्ष आणि त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली यांची वर्णनं आम्हाला ऐकवायची. त्या बागेची संस्था, अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया, १८३० सालची आहे हेही काकांना तोंडपाठ होतं. थोरला चुलतभाऊ पुढे वनस्पतिशास्त्र शिकायला लागला, तेव्हा तो वही घेऊन यायचा आणि झाडांची लॅटिन नावं लिहायचा. थिओडोर कुक हे नाव मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य असलेल्या या गृहस्थांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत छापला गेला आणि त्यात लॅटिन नावांच्या जोडीला इथली मराठी नावंही नोंदलेली आहेत.

ती मराठी नावं आत्याकडे होती. ती थांबायची, एखादं पान तोडण्याऐवजी खाली पडलेलं उचलायची आणि पोरांपुढे धरायची. एकदा तिनं दाखवलेला ऐन मला अजून जसाच्या तसा आठवतो. खोड मगरीच्या पाठीसारखं चौकोनी भेगांचं. तिनं पान उलटं केलं आणि देठापाशी बोट ठेवलं. तिथे दोन बारीक गाठी होत्या, मोहरीहून लहान. “हे असलं की ऐन. नुसत्या पानावरून फसशील, गाठी बघ.” भावानं भिंगातून पाहिलं आणि वहीत काढून घेतलं. मग ती ऐनाचं सगळं सांगायची. राबाला ऐनाची पाती बरी. राब म्हणजे पावसाआधी रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरून जाळणं, त्यानं तण जातं आणि रोप जोमानं येतं. ऐनाच्या सालीची राख पूर्वी पानाला चुना म्हणून लावायचे. ऐन तोडायचा नसतो, फांद्याच घ्यायच्या, बुंधा ठेवायचा. तसंच हिरड्याचं, बेहड्याचं, जांभळीचं. ज्या झाडाचा तिच्या घरी काही उपयोग होता त्याची तिला गोष्ट माहीत होती, आणि ज्याचा काहीच उपयोग नव्हता त्याचंही नाव माहीत होतं. त्या वाटेवर आमचा वेळ जायचा तो असा. धबधब्यापर्यंत पोचायला आम्हाला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागायचा आणि आजीच्या हिशेबात तो धरलेला असायचा.

तिच्या गावाला देवराई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, सरपण संपलं तरी. बनेश्वरच्या बनात चालताना ती आम्हालाही त्याच रीतीनं चालवायची. फूल तोडायचं नाही, ओरडायचं नाही, खाल्लेल्याची साल-बी वाटेवर टाकायची नाही. पुढे वाचनात आलं की त्याच सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे पुण्याचे शास्त्रज्ञ पश्चिम घाटातल्या देवराया हिंडत होते आणि देवाच्या नावानं राखलेल्या या तुकड्यांत जुनं रान कसं टिकून राहिलं आहे ते लिहीत होते. आत्याला हे वाचून दाखवलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा मी बरेचदा विचार करते. बहुधा तिनं विचारलं असतं, ते देवराईत आले तेव्हा चपला बाहेर काढल्या होत्या का.

बाराच्या सुमाराला सगळी परत आवळ्याशी, किंवा डहाळी बांधलेल्या झाडाशी. हळद-कुंकू, सूत गुंडाळणं, नैवेद्य. मग पाटाऐवजी सतरंजीवर बाबा आणि काका शेजारी शेजारी बसायचे, आणि आत्या औक्षण करायची. उघड्यावर निरांजन टिकत नाही. ती एका हातानं ताम्हन धरायची, आजी वाऱ्याच्या बाजूला उभी राहून पदराचा आडोसा करायची, आणि काकू काडेपेटी घेऊन तयार. वात दोनदा-तीनदा विझायची, पुन्हा लावायची, पण ज्योत पेटती असतानाच ओवाळायचं. ओवाळणी म्हणून बाबा साडी द्यायचे, काका नोट. लगेच आत्या पदराच्या टोकाशी ती नोट बांधून टाकायची आणि वाढायला उठायची. हे सगळं पाच मिनिटांत व्हायचं. एवढ्या पाच मिनिटांसाठी आजीनं तीन आठवडे आखणी केलेली असायची.

जेवणानंतर पोरं पाण्याकडे, पुरुष आडवे. आजी आणि आत्या मात्र कधी झोपल्या नाहीत. एका झाडाला टेकून त्या बोलत बसायच्या. आम्ही जवळ गेलो की विषय बदलायचा. मोठी झाल्यावर ताईला तिथे बसायची परवानगी मिळाली, मग मला. तेव्हा कळलं की त्या तासाभरात वर्षाचं बोलणं उरकायचं: खळ्यावर किती भात झालं, नणंदेचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाची नाराजी. आणि सूर्य कलायला लागला की आजीच म्हणायची, “ऊठ अक्का, गाडी येईल.”

नसरापूरच्या स्टँडवर सगळं घर आत्याला सोडायला जायचं. तिची पिशवी आता आमच्या डब्यांतल्या उरलेल्यानं भरलेली. तिची गाडी गेल्यावरच पुण्याची आणि भोरची माणसं फाट्याकडे वळायची. भोरला पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. घरी आल्यावर आजी पहिल्यांदा विचारायची, आता अक्काची धार काढून झाली असेल का.

आजी गेली तेव्हा पत्रं लिहायचं काम आईकडे आलं, मग फोन आले. घराघरांत गाड्या आल्यावर बनेश्वर एवढं जवळ झालं की कधीही जाऊ असं म्हणता म्हणता एकत्र जाणं विरळ झालं. आत्या आता नाही. महामार्ग रुंद झाला, वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. बनेश्वरच्या बनाचं आता वन उद्यान आहे. वन विभागाची व्यवस्था आहे, आखलेल्या पायवाटा आहेत, माहिती देणाऱ्या पाट्या आहेत. पाट्या मला आवडतात. पुण्याहून आलेल्या मुलाला झाड ओळखायला दुसरं कुणी नसेल तर पाटीनं ओळख करून द्यावी, यात गैर काय. फक्त ऐनाच्या पाटीवर देठाच्या गाठींबद्दल कुणीतरी दोन शब्द लिहायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. त्यानं तो ओळखणं सोपं जाईल.

गेल्या महिन्यात धाकट्या चुलतभावानं भावंडांच्या वॉट्सअॅप गटावर विचारलं, यंदा कार्तिकात बनेश्वर करायचं का. अर्ध्या तासात पन्नास निरोप पडले. कुणी रविवार म्हणालं, कुणी त्याऐवजी एखादं रिसॉर्ट सुचवलं, कुणी जेवण बाहेरून मागवू म्हणालं. पुण्याच्या भाच्यांना सकाळी आठच्या आधी निघणं जमणार नाही, असंही आलं. थोरली ताई आता सत्तरीजवळ आहे. ती एवढा वेळ गप्प होती. मग तिचा निरोप आला. त्यात तिनं वेल्ह्याच्या आतेभावाला विचारलं होतं की कापणी कधी संपते, आणि वहिनींना दुपारी किती वाजता घरी परत यायला हवं. वहिनींकडे आता दोन म्हशी आहेत. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं: पाचच्या आत. ताईनं लगेच लिहिलं, म्हणजे तीनला बनेश्वर सोडायचं, साडेबाराला पानं, दहाला देऊळ, आणि पुण्याच्या सगळ्यांनी सातला घर सोडायचं. आवळ्याची डहाळी ती स्वतः आणणार आहे.